छोटूचं मोडलं

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळचे सात वाजले होते. शाळेत निघायच्या गडबडीत मी शिट्टी शोधत होतो आणि धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती टेक्सासात असते. आपले सकाळचे सात म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. फोन आईनं उचलला. बहीण एवढंच म्हणाली, "आई, छोटूचं मोडलं गं," आणि रडायला लागली.

आईनं फोन तसाच हातात धरून माझ्याकडं बघितलं. "आता गं बया! लेकराचं ठरवलं कधी? मला कुणी सांगितलंसुद्धा नाही?"

छोटू म्हणजे माझा भाचा. वय सतरा, उंची सहा फूट एक इंच. पाळण्यात पडलेलं नाव तेवढं लहान राहिलं. मोडलं होतं ते त्याचं कॉलेज. पुढं सगळं समजल्यावर वाटलं, आईचा अंदाज काही फार चुकला नव्हता.

शेवटी काय झालं म्हणून कुणी ताणून वाचू नये, म्हणून आधीच सांगून टाकतो. येत्या ऑगस्टपासून तो टेक्सासातल्याच एका दोन वर्षांच्या कॉलेजात जातोय, तिथं बेसबॉल खेळणार आहे. मला लिहायचंय ते मधल्या सहा महिन्यांचं.

मी अंबाजोगाईत एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. तीस वर्षं मुलींना खो-खो शिकवतोय. बेसबॉल मला छोटूमुळं कळला, तोही अर्धामुर्धा. तो पिचर आहे. साडेसाठ फुटांवरून, टप्पा न पाडता, हात वाकवून चेंडू फेकायचा. आपल्या गल्लीत "फेकतोय, फेकतोय" म्हणून ज्याला नो-बॉल देतात, तेच तिथं कसब. छोटूचा चेंडू तासाला ८५ मैलांनी जातो, म्हणजे १३७ किलोमीटर. आपल्या जिल्ह्यात या वेगानं बोलिंग टाकणारा पोरगा निघाला तर त्याच्या गावाच्या वेशीवर बॅनर लागेल. तिकडं मोठ्या कॉलेजांना उजव्या हाताच्या पिचरकडून ९०च्या आसपास पाहिजे असतं. म्हणजे आमचा छोटू चांगला आहे, पण फोन ठेवून पुढच्या नंबराला लावता येईल एवढाच चांगला.

तिकडची रीत अशी की कॉलेजचे कोच स्वतः पोरं हेरत फिरतात. सगळ्यात वरचा दर्जा डिव्हिजन वन. त्यांच्या कोचला पोराशी थेट बोलायची परवानगी मिळते ती अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टला. छोटूचा १ ऑगस्ट २०२४ला आला. दोन दिवस फोन गप्प. बहीण म्हणते, ते दोन दिवस तो फोन घेऊनच संडासात जायचा. तिसऱ्या दिवशी एका कोचचा फोन आला, ऑक्टोबरात त्यांनी कॉलेज दाखवायला बोलावलं, मैदानावर उभं करून म्हणाले, "तू आम्हाला हवायस." हा म्हणाला, "मी येतो." कॉलेजची टोपी घालून फोटो काढला, इन्स्टाग्रामवर टाकला. याला ते व्हर्बल कमिट म्हणतात. आपल्या भाषेत, बोलणी झाली. सुपारी फुटली नाही, याद्या नाहीत, कागद नाही. लेखी काय ते बारावीत.

मी मात्र स्टाफरूममध्ये किलोभर पेढे वाटले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मला त्याच पेढ्यांची लाज वाटत होती आणि बरेच दिवस ती लाज मी छोटूची काळजी म्हणून खपवत होतो.

मोडलं कसं, ते समजायलाच मला आठवडा लागला. ६ जून २०२५ला तिकडच्या न्यायालयानं कॉलेजच्या खेळांबद्दलचा एक मोठा समझोता मंजूर केला. खेळाडूंना कॉलेजांकडून थेट पैसे मिळायची वाट मोकळी झाली. हे चांगलंच झालं, इतकी वर्षं त्यांच्या जिवावर बाकीचेच कमावत होते. पण त्या समझोत्यात जी कॉलेजं सामील होतील त्यांच्यावर, संघात किती पोरं ठेवायची याचं बंधन आलं. बेसबॉलला ३४. आधी ४० चालायची. शिष्यवृत्त्यांचं उलटं. आधी अख्ख्या संघात मिळून ११.७ शिष्यवृत्त्या असायच्या (हो, पूर्णांक सात दशांश, एकाला पाव, दुसऱ्याला अर्धी अशा वाटायच्या), ते बंधन उठलं. म्हणजे पैसा वाढला आणि पाटावरची पानं कमी झाली. त्यात ट्रान्सफर पोर्टल. एका कॉलेजातून दुसऱ्यात जायला तयार असलेल्या पोरांची यादीच कोचला समोर दिसते. एकवीस-बावीस वर्षांचे तयार गडी मिळत असताना सतरा वर्षांचं कच्चं पोर आणून कोण पिकवत बसतो? छोटूच्या कोचनं हिशोब केला आणि फोन लावला. सहा मिनिटांचा कॉल. "कोच वाईट नाहीये मामा, तो पण रडवेला झाला होता," असं छोटूच म्हणाला.

मी मामा, त्यात शिक्षक. भाषण ठोकलंच. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, तिथला अविनाश साबळे. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनला राहिला, पळायला खरी सुरुवात केली ती सैन्यात गेल्यावर, आणि आज स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत, देशाचा विक्रम त्याच्या नावावर आहे. हे मी दरवर्षी जूनमध्ये पोरींना सांगतो आणि त्यांचे डोळे चमकतात. छोटूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, त्याच्याकडं घड्याळ आहे. आठ मिनिटं नऊ सेकंद म्हणजे आठ मिनिटं नऊ सेकंद. कुणाला तो आवडो नाहीतर न आवडो. मला कुणालातरी आवडावं लागतं."

मला उत्तर सुचलं नाही. शाळेला उशीर होतोय म्हणून फोन ठेवला.

नंतरचे दोन महिने वाईट गेले. छोटू दिवसभर कोचेसना ईमेल पाठवायचा, व्हिडिओ जोडायचा, रात्री फोन बघत झोपायचा. दाजींचं म्हणणं, बास झाला खेळ, अभ्यासाला लाग. त्यांचंही चूक नव्हतं. दहाव्या वर्षापासून पोराला घेऊन ते दर उन्हाळ्यात स्पर्धांसाठी हिंडलेत, हॉटेलांची बिलं त्यांनी भरलीत. बहीण मधल्या मध्ये. आईनं योगेश्वरीला नारळ बोलला आणि दर दोन दिवसांनी विचारायची, "लेकरू जेवतंय का?" तेवढा एकच प्रश्न सगळ्यांत कामाचा होता, कारण त्याला उत्तर देता यायचं.

सप्टेंबरात आमच्यावरच आभाळ फाटलं. मराठवाड्यात तेव्हा काय पाऊस झाला ते सांगायला नको, ज्याचं त्याला माहीत आहे. परळी रस्त्याला आमचं थोडं रान आहे. सोयाबीन काढणीला आलेलं, शेंगांसकट पाण्यात उभं. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला तलाठी आले त्या सकाळी छोटूचा व्हिडिओ कॉल चालू होता. मी फोन खिशात न ठेवता बांधावर तसाच धरला. त्याला सगळं दिसत होतं, काळं पडलेलं पीक, गुडघाभर चिखल, आणि तलाठ्यांच्या हातातला कागद.

"ते काय लिहितायत?"

"गट नंबर, पीक कुठलं, किती क्षेत्र, किती गेलं."

"आणि?"

"आणि सह्या."

"बस? का गेलं ते नाही?"

"पावसानं गेलं, एवढं पुरतं."

तो थोडा वेळ गप्प होता. आई मागून ओरडली, "अरे, लेकराला कशाला दाखवायला ते? त्याला आधीच काय कमी हाय का?" पण तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. त्यानं स्वतःचा पंचनामा केला होता. एका कागदावर, हातानं लिहून, फोटो काढून पाठवलेला. जुलैपासून पाठवलेले ईमेल ४१. उत्तरच नाही, २२. कॅम्पला या म्हणणारे, १२. "आम्ही तुझ्या खेळावर लक्ष ठेवून आहोत", ५. काहीतरी प्रश्न विचारलेले, २. खाली सही, आणि पंच म्हणून घरातल्या कुत्र्याचं नाव.

कुत्र्याचं नाव वाचलं आणि जुलैपासून पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

त्या रात्री मी तो कागद आईला वाचून दाखवला. माझ्या आईनं तीन लेकी उजवल्या आहेत, आणि पुतण्या-भाच्यांची मिळून आणखी डझनभर लग्नं जमवली आहेत. मी "लक्ष ठेवून आहोत"वर आलो तशी ती म्हणाली, "म्हणजे 'कळवतो'."

"तसं नाही आई, ते कोच लोक..."

"कळवतोच की. मुलगी बघून गेले, पोहे खाल्ले, चहा घेतला, अन् उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हणले, कळवतो. तुझ्या मोठ्या बहिणीच्या वक्ताला आठ कळवतो आले. एकानंबी कळवलं नाही."

"आणि हे कॅम्पवाले?"

त्याचं मी समजावून सांगितलं. कॉलेजचा कोच दोन दिवसांचा कॅम्प ठेवतो, पोरं पैसे भरून येतात, कोच बघतो. बोलावणं छोटूच्या नावानं येतं, पण ते शेकडो पोरांना गेलेलं असतं. एखाद्याचं कॅम्पातून जमतंही. आईनं विचार केला. "म्हणजे पोहे बी आपणच घेऊन जायाचे?"

हे छोटूला फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की बहीण खोलीत बघायला आली.

"मग खरं कोणतं ओळखायचं, आज्जी?"

"ज्याला पाहिजे असतंय तो तारीख विचारतो. दुसरं काय नसतं त्यात."

मी तीस वर्षांत प्रशिक्षणाची जेवढी शिबिरं केली, त्यात कुणी मला हे इतकं स्वच्छ सांगितलं नाही. छोटूनं तेवढ्यावरच काम सुरू केलं. बारा कॅम्पांपैकी अकरा खोडले. प्रत्येक कोचला, तुम्ही मला खेळताना कधी पाहिलंय का, एवढंच विचारून घेतलं, आणि ज्या एकाचं उत्तर हो आलं तो ठेवला. पाच 'कळवतो'वाल्यांना साधा प्रश्न पाठवला, "२०२६च्या बॅचमध्ये तुमच्याकडं उजव्या हाताच्या पिचरची जागा आहे का?" तिघांनी नाही म्हणून कळवलं. एकानं उत्तर दिलं नाही. एकानं लांबलचक लिहिलं, त्यात जागेचा शब्द नव्हता. "बघ," आई म्हणाली, "आता तिघांनी तरी माणसासारखं केलं."

'नाही' आल्यावर पोरगा खचेल असं आम्हाला वाटत होतं. झालं उलटंच. त्याच रात्री तो अकरा तास झोपला.

प्रश्न विचारलेले दोघे उरले. एक होतं डिव्हिजन थ्रीचं कॉलेज, लांब उत्तरेला, अभ्यासात नाव असलेलं. या दर्जाच्या कॉलेजांत खेळाची शिष्यवृत्ती मिळतच नाही. मार्कांवर आणि घरच्या परिस्थितीवर काय मदत मिळेल ती. दुसरं टेक्सासातलंच दोन वर्षांचं कॉलेज, ज्याला ते ज्युको म्हणतात. फी थोडी, घरापासून गाडीनं चार तास. तिथून दोन वर्षांनी मोठ्या कॉलेजात जाता येतं. या ज्युकोच्या कोचनं सप्टेंबरातच विचारलं होतं, "शनिवारी तू कुठं टाकतोयस?" तारीख. छोटूनं तो ईमेल इतके दिवस बाजूला ठेवला होता, कारण नाव मोठं नव्हतं.

आणि इथं मी आडवा आलो. मला डिव्हिजन थ्रीवालं पाहिजे होतं. नाव ऐकायला भारदस्त, स्टाफरूममध्ये सांगता आलं असतं. "दोन वर्षांचं कॉलेज" म्हटलं की आपल्याकडं लोक आयटीआय समजतात. (आयटीआय केलेली माझी चार पोरं आज माझ्यापेक्षा जास्त कमावतात, तो भाग वेगळा.) दाजींनी मात्र शांतपणे दोन्हींचा खर्च मांडला, आणि तिकडचे दरवाजे अजून उघडे आहेत तोवर कुणालाच नाही म्हणू नकोस, असं पोराला सांगितलं. ज्या माणसाला खेळ बंद करायचा होता, त्यानंच गाडी काढून त्याला ज्युकोच्या मैदानावर नेलं. कोचनं त्यांना सांगितलं, पहिल्याच वर्षी तीस-चाळीस डाव टाकायला मिळतील, आणि वेग वाढला नाही तर पुढचं मी काही सांगू शकत नाही. दाजी मला फोनवर म्हणाले, "दादा, हा पहिला माणूस भेटला ज्यानं 'नाही तर' सांगितलं."

डिसेंबरच्या सुटीत छोटू पंधरा दिवस इकडं आला. हैदराबादला उतरून गाडीनं. पेरणी लांबल्यामुळं ज्वारी नुकती दुधात आलेली, हुरड्याला अवकाश होता, पण पाखरं हुरड्याची वाट बघत नाहीत. आमच्या सालगड्यानं त्याला गोफण दिली. एक टोक बोटात अडकवायचं, मधे खडा, गरगर फिरवून दुसरं टोक नेमक्या वेळी सोडायचं. पहिला खडा मागं गेला, थेट आमच्या मोटारसायकलवर. दुसरा वर. हातानं १३७ किलोमीटरनं फेकणारा पोरगा, आणि पाखरं माळ्याच्या समोर निवांत दाणे टिपतायत. सालगडी म्हणाला, "जोर लावू नका, सोडा." संध्याकाळपर्यंत जमलं. मला त्याच्या कोपराची धास्ती होती, चाळीस खड्यांनंतर मी गोफण काढून घेतली.

माळ्यावर बसून मी त्याला माझी १९८६ची गोष्ट सांगितली. मी सतरा वर्षांचा, खो-खोच्या निवड चाचणीला गेलेलो. संध्याकाळी कार्यालयाच्या दारावर यादी लागली, बारावं नाव माझं. सकाळी गेलो तर बारावं नाव दुसऱ्याचं. विचारायला गेलो, आत कुणी भेटलं नाही. वडील सायकलवर मागं बसवून घरी घेऊन आले, वाटेत जिलेबी घेऊन दिली, आणि त्या विषयावर मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच केलं. पण मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं की त्यांनाही ती यादी बरोबर वाटली असणार.

"तुला कोणी सांगितलंच नाही?" छोटू म्हणाला.

"नाही ना. निदान तुझ्या कोचनं फोन तरी केला."

हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं असणार. कारण दोन दिवसांनी शाळेच्या मैदानावर माझ्या मुलींची निवड होती, जानेवारीतल्या एका स्पर्धेसाठी. पंधरा मुली, बारा जागा. छोटू तीन दिवस त्यांचा सराव बघत होता. पोरी जागेवरून उठून खांबाकडं झेपावायच्या तेव्हा हा उभा राहून ओरडायचा, सगळ्या लाजायच्या. शेवटच्या दिवशी पाच वाजता मी बारा नावं लिहिली, कागद क्रीडासाहित्याच्या खोलीच्या दाराला चिकटवला, आणि मोटारसायकलला किक मारली. दरवर्षी असंच करतो. पोरी गोळा होतात, ओरडतात, रडतात; आपण तिथं थांबलो की अवघड होतं.

छोटू मागं बसला नाही.

"मामा, तू यादी लावलीस."

"मग?"

"लावलीस आणि चाललास."

मी म्हणालो, अरे, पंधरा मुलींना एकेकीला काय सांगत बसणार, उद्या त्यांचे पालक येतील, वाद होतील. तो म्हणाला, "पंधरा नाही. तीन."

मी गाडी बंद केली. राग आला होता, खोटं कशाला सांगू. सतरा वर्षांचं पोर, त्यात पाहुणा. पण दाराजवळ त्या तिघी उभ्या होत्या आणि त्यातली एक यादी पुन्हा पहिल्यापासून वाचत होती, बोट लावून, जणू मधे कुठं सांडलेलं नाव सापडेल.

लिंबाखाली एकेकीला बोलावलं. पहिली दोन मिनिटांत "बरं सर" म्हणून गेली. दुसरी रडली, तिला सांगितलं की तुझा पाय अजून दुखतोय आणि तू लपवतेस ते मला माहीत आहे. तिसरी ती यादी वाचणारी, नववीतली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, पुढच्या वर्षी घ्याल का?"

'बघू' अगदी जिभेवर आलं होतं. लिंबाच्या पलीकडं छोटू उभा होता, चपलेनं माती उकरत.

"खो मिळाल्यावर तू उठायला उशीर करतेस," मी म्हणालो. "डाव्या बाजूला तोंड असलं की जास्तच. जूनपर्यंत ते सुटलं तर घेईन. नाही सुटलं तर नाही घेणार."

"डाव्या बाजूला?"

"हो."

ती जाऊन चौकोनात बसली, डावीकडं तोंड करून, आणि छोटूला म्हणाली, "दादा, जरा खो द्या की."